खळ्यावरची सिगार

बिरवाडीत आम्ही वासाबद्दल बोलत नाही. कारखान्यांच्या कडेने राहायचं आणि नाकाचे लाडही करायचे, हे जमण्यासारखं नसतं. कुठल्या वाऱ्याला कुठून काय येणार हे नव्या भाडेकरूला पंधरा दिवसांत कळतं आणि महिन्याभरात कळेनासंही होतं. पण दिवाळी सरली की एखाद्या सकाळी, कंपनीची बस यायच्या आधी, चहा गाळता गाळता खिडकीतून भलताच वास आत येतो. उन्हाने तापलेल्या पेंढ्याचा. मग मी गाळणं हातात धरून तशीच उभी राहते. चहा निवतो, खाली बसवाला हॉर्न देतो, आणि शेजारची बाई दारातून विचारते, "मॅडम, बरं नाही का?" मी अगदी बरी असते. मला फक्त आमचं खळं आठवलेलं असतं, आणि खळ्यावर बसून सिगार ओढणारे आबा.

सिगार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे चामड्याची खुर्ची आणि काचेचा पेला येत असेल तर तो जरा बाजूला ठेवा. आबा म्हणजे माझे वडील. गंजीफ्रॉक, गुडघ्याच्या वर खोचलेला पंचा आणि डोक्याला टॉवेल. पोलादपूर सोडून आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की एका वळणावर खाली वीसेक घरं दिसतात, ती आमची वाडी. वाडीतली निम्मी माणसं मुंबईला आणि उरलेली निम्मी त्यांची वाट बघणारी. तिथे सिगार कशी पोचली ते सांगते, पण त्याआधी आबांच्या नाकाबद्दल सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

भात झोडून झालं की ते उन्हात वाळवायचं आणि त्यातलं चांगलं बघून पुढच्या वर्षीचं बियाणं वेगळं काढायचं. हे बियाणं पेंढ्यात घालून पेंढ्याच्याच दोराने आवळून बांधतात. त्याला आमच्याकडे मुडा म्हणतात. मुडा एकदा बांधला की थेट पेरणीलाच सुटतो. आत जराशी ओल राहिली तर आतल्या आत भात तापतं, कुजतं, आणि हे कळतं कधी, तर पेरून उगवत नाही तेव्हा. म्हणून मुडा बांधायच्या आधी वाडीतलं प्रत्येक घर मूठभर भात घेऊन आबांकडे यायचं. आबा ते ओंजळीत घ्यायचे, दोन्ही तळवे मिटून तोंडाची वाफ द्यायचे, मग अंगठ्यांमधल्या फटीला नाक लावायचे आणि डोळे मिटायचे. सगळे गप्प. मग निकाल यायचा. "बांधा." किंवा "अजून एक ऊन." त्यावर अपील नव्हतं. आबांनी "अजून एक ऊन" म्हटलं की भरल्या घरची म्हातारीदेखील मुकाट्याने भात परत पसरायला जायची.

मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून ती ओंजळ आधी माझ्या नाकापुढे यायची. "काय म्हणतंय भात?" मी म्हणायचे, "वाळलंय." आबा म्हणायचे, "नाय. नीट घे. खाली काय हाय?" खाली म्हणजे वरच्या गरम पेंढ्याच्या वासाच्या खाली. तिथे कधी कधी अगदी बारीक, ओल्या सुताच्या गुंडीला येतो तसला वास असायचा. तो मला सापडला की मी ओरडायचे, "ओलं!" आणि आबा म्हणायचे, "एवढं पण नाय." मी काहीही म्हटलं तरी आबांचं काहीतरी वेगळं असायचंच.

हे फक्त माझ्याशी नव्हतं. वासाच्या बाबतीत आबांनी आयुष्यात कोणाला होकार दिला नव्हता. महिन्यातून एकदा ते तंबाखू घ्यायला महाडला यायचे. चवदार तळ्याच्या अलीकडच्या गल्लीत एक दुकान होतं. दुकानदार बिचारा एकामागून एक डबे उघडून पुढे करायचा. आबा चिमूट घेऊन चुरायचे, हुंगायचे आणि नाक मुरडायचे. "ह्याला पावसात गोणी भिजलेली." "ह्यात काडी घातली हाय." दुकानदार शपथेवर सांगायचा की माल कालच आलाय. आबा म्हणायचे, "आला काल असंल. भिजला परवा." शेवटी घ्यायचे पहिल्याच डब्यातली, पण ती चांगली आहे असं काही कबूल करायचे नाहीत. घरी आल्यावर ती चंचीत जायची. लाल कापडाची, चार खणांची चंची. एका खणात तंबाखू, एकात सुपारी, एकात चुन्याची डबी आणि एकात छोटा अडकित्ता. आपट्याची पानं उन्हात वाळवून, कातरून ते विडी स्वतः वळायचे. दुकानातली विडी म्हणजे त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या हातचं उष्टं.

मला त्या विडीचा मनापासून राग होता. माझ्या भूगोलाच्या वहीला त्या विडीने भोक पाडलं होतं, आईच्या बऱ्या लुगड्याला पाडलं होतं, आणि आबांच्या खोकल्याने आमची झोप मोडायची. आठवीत असताना मी एकदा चंची उचलून भाताच्या कणगीत खोल पुरून टाकली. आबा शेतावरून आले, ओटीवर दोन मिनिटं उभे राहिले, आणि सरळ कणगीपाशी जाऊन कोपरापर्यंत हात घालून चंची बाहेर काढली. मला ओरडले नाहीत. आईला म्हणाले, "पोरीला नाक नाय अजून. नायतर भातात तंबाखू ठेवली नसती. आता पंधरा दिवस भाताला वास मारंल." आणि खरंच मारला.

पुढे नाक आलं. आबांचंच आलं. महाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र केलं आणि इथल्याच एका कारखान्यात माल तपासण्याच्या कामाला लागले. नमुना घ्यायचा, रंग बघायचा, ओल मोजायची, सही करायची. आमच्याकडे ओल मोजायला मशीन आहे, आणि मशीन सुरू व्हायच्या आधी मी बाटलीचं झाकण उघडून आकडा सांगते. सहकारी मला "नाकाने कांदे सोलणारी" म्हणतात, आणि काही अडलं की बाटली घेऊन माझ्याचकडे येतात. हे मी आबांना कौतुकाने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कंपनीतल्या वासावर काय जातंस. तो सगळा मेलेला वास."

मग ती साथ आली. आमच्या घरात सगळ्यांनाच ताप येऊन गेला. मला तीन आठवडे कसलाच वास येत नव्हता. ते तीन आठवडे मी घाबरून साबण, हिंग, रॉकेल, जे हाताला लागेल ते हुंगत होते. मग एका सकाळी कढीपत्त्याचा वास आला आणि मी स्वयंपाकघरात बसून रडले. आबांना बरं व्हायला जास्त दिवस लागले. आठवडाभर महाडच्या दवाखान्यात काढून घरी गेले ते विडी सोडूनच. मी दर खेपेला बजावत होते, डॉक्टरांनी बजावलं होतं, पण जित्याची खोड अशी जाईल असं कोणाला वाटलं नव्हतं. चंची खुंटीला टांगली ती टांगली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! कारखान्यात पेढे वाटले. पन्नास वर्षांची सवय माणसाने एका फटक्यात सोडली, असं मी दोन वर्षं ज्याला त्याला सांगत होते.

त्याच सुमारास आईला एक नवी सवय लागली. ती ताट वाढताना मोठ्याने सांगायला लागली. "आज वालाचं बिरडं केलंय हां." "सुकटीची चटणी हाय, भाजून केलीय." जन्मभर न बोलता वाढणारी बाई, आता दर घासाला जाहिरात करते, म्हणून मी तिची चेष्टा करायचे. आई नुसती हसायची आणि आबा खाली मान घालून जेवायचे. मला वाटलं, म्हातारपणी माणसं बोलकी होतात.

आता सिगार. आमच्या कारखान्यात बाहेरदेशाचं एक गिऱ्हाईक माल बघायला आलं होतं. जाताना त्याने साहेबांना सिगारची लाकडी पेटी दिली, आत टोक कापायच्या खास कातरीसकट. साहेब ओढत नाहीत. त्यांनी प्रत्येक विभागाच्या मुख्याला एकेक वाटली. माझ्यापाशी आले तेव्हा जरा घुटमळले. "मॅडम, तुम्हाला... म्हणजे घरी कोणी..." मी म्हटलं, द्या की. अॅल्युमिनियमची चकचकीत नळी, तिला फिरकीचं झाकण, आत ती सिगार आणि तिच्याभोवती गुंडाळलेला एक कागद. शेजारच्या विभागाच्या मुख्यांनी आपली तिथेच गच्चीवर जाऊन ओढली आणि खाली येऊन म्हणाले, "भारी आहे." भारी म्हणजे काय, विचारलं तर सांगता येईना. माझी नळी मी खणात ठेवून दिली. कधीतरी झाकण उघडून हुंगायचे. आत इतके थर होते की मला मोजता येईनात. आणि दर वेळी एकच माणूस आठवायचा, ज्याला ते मोजता आले असते.

विडी सोडलेल्या बापाला सिगार नेऊन द्यायची, ही कल्पना कशी वाटते ते मला माहीत आहे. आठवडाभर मी स्वतःशीच भांडले. पण मनात आलं, ज्या माणसाने माझ्या शब्दाखातर एवढा जिवाचा शौक सोडला, त्याला एकदा, एकच, जगातली उत्तम म्हणतात ती चाखायला द्यावी. झुरके मारायला नाही, पारख करायला. ते नाक मुरडून काय काय नावं ठेवतात ते मला ऐकायचं होतं. खरं म्हणजे मला त्यांचं "नाय" ऐकायचं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी मी नळी पर्समध्ये घालून वाडीवर गेले. ऊन तापलं होतं. शेणाने सारवलेल्या खळ्यावर आमचं बियाण्याचं भात पसरलेलं आणि आबा कडेला बसून पायाने ते वरखाली करत होते. खळ्याच्या कोपऱ्यात राखणदाराचा धोंडा. वर्षभर शेतीची, गुराढोरांची राखण करतो म्हणून झोडणी संपली की त्याला नारळ आणि एक पेटवलेली विडी द्यायची, अशी आमच्याकडे रीत. विडी पेटवायचा मान वाडीतल्या वडीलधाऱ्याचा, म्हणजे आबांचाच.

मी नळी पुढे केली. आबांनी झाकण फिरवून सिगार तळहातावर घेतली. वेणीतला गजरा धरावा तितक्या हलक्या हाताने धरली होती. मग बोटांच्या पेरांनी टोकापासून टोकापर्यंत दाबत गेले.

"कुठं पोकळ नाय," ते म्हणाले. "भरण सारखं हाय. बाहेरचं पान एकच हाय बघ, आख्खं. ह्याची शीर बघ किती बारीक. हे पान झाडाच्या वरच्या अंगाचं न्हवं, मधलं." मग ती कानाशी नेऊन हलकेच दाबली. "कुरकुरत नाय. ओल बरोबर ठेवलीय. बायकांच्या हातचं काम हाय."

"बायकांच्या कशावरून?"

"पुरुष एवढं आवळून सोडत नाय. पुरुष नुसतं आवळतो."

मी खूश झाले. हेच ऐकायला तर आले होते. कागदावर लिहिलं होतं की टोक धारदार हत्याराने एका घावात कापावं. आबांनी आईला हाक मारून खुंटीवरची चंची मागवली आणि त्यातला अडकित्ता काढला. कच्च. असा सुबक काप की साहेबांच्या पेटीतल्या खास कातरीनेही पडला नसता. पुढे लिहिलं होतं की धूर छातीत घेऊ नये, नुसता तोंडात खेळवावा.

"म्हंजे काय, गुळणी करायची?"

"तसंच समजा. आबा, पण आधी वास घ्या ना. न पेटवता."

आबांनी सिगार नाकाखालून फिरवली. डोळे मिटले. मी वाट बघत राहिले. समोर भातावर चिमण्या उतरल्या होत्या आणि त्यांना कोणी हाकललं नाही. मग डोळे न उघडताच आबा म्हणाले, "कागदावर काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. जमेल तसं मराठी करत. कातडं, देवदाराचं लाकूड, काळी मिरी, भाजलेला कोको.

"बरोबर हाय," आबा म्हणाले.

मी कागदावरून मान वर केली. मला वाटलं पुढे काहीतरी येईल. कोको कसला, ही जळकी खारीक हाय, असं काहीतरी. काही आलं नाही. आबा उठले, चुलीतला निखारा चिमट्यात घेऊन आले, सिगार फिरवत फिरवत सगळीकडून सारखी पेटवली आणि पहिला धूर तोंडात धरून सोडला. कागद म्हणत होता की पहिल्या भागात मिरी जास्त लागते. मी वाचलं. आबा म्हणाले, "बरोबर." दुसऱ्या भागात गोडवा येतो. "येतोय." राख पांढरीशुभ्र, बोटाएवढी लांब झाली तरी पडत नव्हती. तिच्याबद्दल ते आपणहून बोलले, "राख बघ. पान नीट पिकवल्याशिवाय अशी राख धरत नाय." जे डोळ्यांना दिसत होतं आणि बोटांना लागत होतं, त्यावर आबा तेच जुने आबा होते. बाकीच्यावर होकार.

मी तपासनीस बाई. आमच्या कामात एक युक्ती असते. तपासणाऱ्यावर संशय आला की बाटलीत नुसतं पाणी भरून त्याच्यापुढे ठेवायचं आणि तो काय सांगतो ते बघायचं. मी कागद डोळ्यांपुढे धरला आणि त्यावर नसलेलं वाचलं.

"शेवटच्या भागात म्हणे ओल्या गोणपाटाचा वास येतो."

ओल्या गोणपाटाचा! महाडच्या दुकानदाराला ह्याच वासावरून त्यांनी वीस वर्षं धारेवर धरलं होतं.

आबांनी धूर सोडला. "येतोय थोडा," ते म्हणाले.

मला माझीच लाज वाटली. बापाला मी पाण्याची बाटली हुंगायला दिली होती. मी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. आबांनी माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या सिगारकडे. त्यांना कळलं की मला कळलंय.

"नाय येत गो," ते म्हणाले. "तवापासून नाय येत. कसलाच नाय."

"आबा, दोन वर्षं? आणि सांगितलं नाहीत?"

"तुज्या आयेला ठाव हाय."

आणि मग एकेक गोष्ट माझ्यापुढे येऊन बसायला लागली. आई ताट वाढताना सांगायची ते कोणासाठी. चेष्टा करणारी मी. आणि विडी. मी कसंबसं विचारलं, "मग विडी..."

"वास नाय तर विडीत काय ऱ्हातंय? नुसता धूर. चुलीपुढं बसलं तरी मिळतो." त्यांनी सिगारची राख झटकली. "तू पेढे वाटलेस म्हणून सांगितलं नाय."

जे मी माझं यश म्हणून मिरवत होते ते त्यांचं गमावणं होतं. ऊन होतं, भात तापलं होतं, सगळीकडे माझ्या लहानपणाचा वास भरून राहिला होता आणि त्याच्या मध्यावर बसलेल्या माणसाला त्यातला कणही मिळत नव्हता. मला त्या घटकेला माझं नाक काढून त्यांना द्यावंसं वाटलं.

"आणि भात?" मी विचारलं. "लोक भात घेऊन येतात ते?"

आबांनी खळ्यावरचे दोन दाणे उचलून दातांखाली धरले. "दातानं बघतो. टक्कन तुटला तर वाळलं. पण दात वरवरचं सांगतो, नाक आतलं सांगतं. गेल्या साली वेणूचा मुडा माज्यामुळं कुजला."

वेणूकाकी म्हणजे आमच्या खालच्या घरची. नवरा मुंबईला, शेत ती एकटी करते. तिचं बियाणं उगवलं नव्हतं हे मला माहीत होतं. पाऊस वाईट होता, असं सगळे म्हणाले होते. तेव्हा आबांनी आमच्यातली निम्मी रोपं तिच्या बांधावर नेऊन ठेवली होती. आमची जास्त झालीत, म्हणाले होते. जास्त कसली, त्या वर्षी आमचंच एक खाचर पडीक राहिलं.

"ती मला काय बोलली नाय," आबा म्हणाले. "बोलली असती तर बरं झालं असतं. आजपण येणार हाय. बाकीचे पण येतील. नाय म्हणून सांगू, तर मग मी कोण ह्या वाडीत? आणि हो म्हणू, तर कुणाचं तरी पोट मारू." त्यांचा आवाज खाली गेला होता. मी जन्मात त्यांना एवढं हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

आणि ती आलीच. पदराच्या टोकात भात बांधून, वाटेवरूनच हसत. "आबा, बघता का? नंदा पण आली वाटतं! ह्ये काय ओढताय एवढं मोठं? मुसळ?"

"लेकीनं आणलंय. विलायती," आबा म्हणाले. सिगार त्यांनी धोंड्याच्या कडेला टेकवून ठेवली. वेणूकाकीने गाठ सोडली आणि भात त्यांच्या ओंजळीत ओतलं. आबांनी तळवे मिटले. तोंडाची वाफ दिली. अंगठ्यांच्या फटीला नाक लावलं. सगळं पन्नास वर्षं होत होतं तसंच. वेणूकाकी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, देवळात कौल लागायची वाट बघावी तशी.

मग आबांनी नाक उचललं आणि ओंजळ माझ्यापुढे केली.

"घे गो. काय म्हणतंय भात?"

"ह्ये काय, तिला कशाला?" वेणूकाकी म्हणाली.

"शिकवतोय. मी काय जन्माला पुरणार हाय? कंपनीत मोठी ह्येच करते, घरचं नको करायला?"

त्या ओंजळीत मी नाक घातलं. वर आबांच्या हातांना लागलेला सिगारचा वास होता, तो सोडून दिला. मग गरम पेंढा. मग खाली. नीट घे, खाली काय हाय? तिथे ते होतं. ओलं सूत. अगदी बारीक. मी मान वर केली.

"अजून एक ऊन," मी म्हटलं.

वेणूकाकीने आबांकडे बघितलं. आबांनी ओंजळीतला एक दाणा तोंडात टाकला. टक्क. डोळे मिटून चावला. मला वाटलं, आता म्हणतील बरोबर हाय, आणि ते म्हणाले असते तर मी तिथेच रडले असते.

"एक?" आबा म्हणाले. "छ्या! दोन. हिला काय कळतंय. दोन उन्हं दे."

मला इतकं हसू आलं की वेणूकाकी चक्रावून माझ्याकडे बघत राहिली. ती भात पदरात बांधून गेली, जाताना वर मला म्हणाली, "अजून लय शिकायचंय तुला." मी म्हटलं, हो काकी, लय.

सिगार तोवर विझली होती. आबांनी ती परत पेटवली, स्वतः ओढली नाही, आणि धोंड्यावर ठेवली. नारळाच्या बाजूला त्या दिवशी विडीऐवजी ती होती. निळा धूर सरळ वर चढत होता. हात जोडून झाल्यावर आबा म्हणाले, "त्याला तरी वास येत असंल." त्यात रड नव्हती. चांगली वस्तू वाया गेली नाही, एवढंच त्यात होतं.

दुपारी आईने ताटं मांडली. मी पाणी भरत होते. आईने हळूच विचारलं, "कळलं तुला?" मी मान हलवली. तिने कुळथाच्या पिठीचं पातेलं माझ्या हातात दिलं. "मग आज तू सांग." मी आबांच्या ताटात वाढलं आणि म्हटलं, "आबा, कुळथाची पिठी आहे. वरून लसणाची फोडणी दिलीय, लसूण जरा जास्त लाल झालाय." आबा पहिला घास घेताना म्हणाले, "लसूण लालच पाहिजे." आईने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

नळी मी परत आणणार होते, पण आबांनी मागून घेतली. झाकण दोन-तीनदा फिरवून बघितलं. आतला वास बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही, हे त्यांना आवडलं होतं. पुढच्या वर्षी मला कामातून सुट्टी मिळाली नाही, आणि मी काळजीत होते की आता वाडीचं भात कोण बघणार. एका मंगळवारी संध्याकाळी आमच्या वाडीचा एकजण, इथे रात्रपाळीला येणारा, दारात उभा. हातात ती नळी. आत भात. नळीभोवती दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर फक्त घराचं नाव. तेव्हापासून हे सुरू आहे. वाडीतून बिरवाडीला येणारा जो कोणी असेल तो नळी आणतो. मी झाकण उघडते, हुंगते आणि फोन करते. मी म्हणते एक ऊन, आबा म्हणतात दोन. मी म्हणते बांधा, तर आबा म्हणतात थांब, दातानं बघू दे. वाडीत कोणाचा मुडा कुजलेला नाही. कारखान्यातल्या मशीनमध्ये ते भात मी कधी घातलं नाही. कंपनीचा नियम तसा आहेच, पण नियम नसता तरी घातलं नसतं.

आज सकाळी पेंढ्याचा वास आला आणि आजच संध्याकाळी नळीही आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, वेणू. मी खिडकीपाशी बसून झाकण फिरवलं. वरच्या थरात अजूनही, इतक्या वर्षांनी, ती सिगार आहे. थोडीशीच. धातूच्या अंगाला लागून राहिलेली. तिच्या खाली पेंढा आणि त्याच्या खाली काही नाही. कोरडं, स्वच्छ. मी फोन लावला.

"आबा, वेणूकाकीचं बांधा. वाळलंय."

"बघतो," आबा म्हणाले. टक्क. फोनमधूनही ऐकू आलं. "हूं. असंल." मग त्यांनी विचारलं, "नंदा, त्या सिगारचा येतो का गो अजून? नळीत?"

"येतो."

"कसा येतो?"

कागद माझ्यापाशी अजून आहे, पण तो मी काढला नाही. डोळे मिटले, नीट घेतला, आणि खाली जे होतं ते सांगितलं. "तुमच्या चंचीसारखा येतो, आबा. कणगीत लपवली होती ना मी, तेव्हा भाताला आला होता, तसा."

"छ्या!" आबा म्हणाले. "काय बोलतेस? माज्या चंचीला ह्याच्यापेक्षा चांगला होता."